नवतप्यात शाल

पांढुर्ण्यात नवतपा लागला की दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. २०२४ च्या मे महिन्यात, ऐन त्या दिवसांत, माझ्या सासूबाईंनी पेटीतून शाल काढली. बाहेर पारा पंचेचाळिशीकडे, घरात कूलर सुरू. "कूलर बंद कर व, मले थंडी वाजते," म्हणाल्या. मी कूलर बंद केला नाही, त्यांची खाट तेवढी बाजूला सरकवली. वय झालं, असं मनाशी म्हटलं. त्या वर्षभरात त्यांचा आवाज घोगरा झाला होता. भजनी मंडळ सुटलं होतं. टाचांच्या भेगांत खोबरेल मुरत नव्हतं. भाजीवालीला पैसे देताना त्या एकेक नाणं बोटानं सरकवत आणि मध्येच थांबून राहत, जणू कुठवर मोजलं ते हरवलं आहे. हे सगळं मी रोज पाहत होते आणि सगळ्याला 'वय' हे एकच उत्तर लावत होते.

थंडी वाजते म्हणजे ताप असेल, म्हणून थर्मामीटर लावला. ९६.८ आलं. थर्मामीटर बिघडला असं समजून संध्याकाळी दुसरा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरही ९६.८. दोन्ही थर्मामीटर ठीक होते. अंगाचा आकडा खालीही जाऊ शकतो आणि तोही काहीतरी सांगत असतो, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

रक्त तपासलं. रिपोर्ट देताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "थायराइड बढ़ा हुआ है." कागदावर टीएसएचसमोर ३८ आणि बाजूला, असायला हवं ते ०.४ ते ४. वाढलंय ना, मग कमी करायचं, असा माझा सरळ हिशेब. थायरॉईड आयोडीनवर चालतं एवढं ऐकून होते. म्हणून आयोडीनचं मीठ बंद केलं आणि सैंधव आणलं. डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची मिळाली होती. चार दिवस आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी सैंधवाचं वरण वाढलं, आणि आपण काळजी घेतोय या समाधानात राहिले. डॉक्टरांनी कागद पाहिला, आईंच्या गालाला आणि पायांना हात लावून पाहिला, आणि म्हणाले, "यांचं थायरॉईड वाढलेलं नाही, फार कमी पडतंय. वाढलाय तो मेंदूचा आवाज." सैंधवाचं मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, पण मीठ त्याच दिवशी बदलायला लावलं.

'मेंदूचा आवाज' हे शब्द डोक्यातून जाईनात. गळ्यातल्या गाठीशी मेंदूचा काय संबंध? मी बी. कॉम. झालेली. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. मुलीचं अकरावीचं जीवशास्त्र घेऊन बसले. ते हिंदीत, त्यात 'हाइपोथैलेमस'. माहेरी सौंसरला गेले तेव्हा वहिनीचं शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक मिळालं. वहिनी महाराष्ट्रातल्या काटोलची, त्यामुळं ते मराठीत. त्यात 'अधश्चेतक', 'पियुषिका', 'अवटू ग्रंथी', 'संप्रेरक'. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मी वहीत शब्दांच्या जोड्या लावल्या. अधश्चेतक आणि पियुषिका ही एकाच गोष्टीची दोन नावं समजून मी दोन दिवस वाचत होते, आणि काहीच लागत नव्हतं. मुलीनं वही पाहिली आणि मधोमध रेघ मारून दोन वेगळे गोल काढून दिले.

ते गोल झाल्यावर साखळी दिसायला लागली. अधश्चेतक मेंदूच्या तळाशी असतो, बदामाएवढा, वजनानं चारेक ग्रॅम. तिथून टीआरएच नावाचं संप्रेरक निघतं आणि खाली लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पियुषिकेपर्यंत जातं. पियुषिका रक्तात टीएसएच सोडते. ते गळ्यातल्या अवटू ग्रंथीला कामाला लावतं. ती टी-४ बनवते, ज्यात आयोडीनचे चार अणू असतात, आणि थोडं टी-३, ज्यात तीन. टी-४ मधला एक अणू शरीर पुढे काढून टाकतं आणि त्याचं टी-३ करतं. हे टी-३ जवळजवळ प्रत्येक पेशीत जाऊन सांगतं, खाल्लेलं किती वेगानं जाळायचं. जाळताना जी ऊब सुटते, तीच आपल्या अंगाची ऊब. गप्प बसून राहिलेला माणूससुद्धा जुन्या पिवळ्या शंभराच्या बल्बएवढी उष्णता सोडत असतो.

आणि रक्तात टी-४, टी-३ पुरेसं आहे असं कळलं की अधश्चेतक आणि पियुषिका आपली हाक कमी करतात. ही उलटी गाठ मला शेतात समजली. आमचा सालदार संत्र्याच्या शेवटच्या ओळीत होता, मी विहिरीजवळून हाक मारली. ऐकू गेलं नाही. आणखी मोठ्यानं मारली, मग आणखी मोठ्यानं. तो हाकेला उठत नव्हता म्हणून माझा आवाज चढला होता. टीएसएच ३८ म्हणजे हेच. मेंदू ओरडत होता, ग्रंथी उठत नव्हती. मी त्या ओरडण्याला ग्रंथीचं काम समजून आईंचं मीठ तोडलं होतं.

ही साखळी कुणी शोधली, ते वाचताना मी दोन रात्री जागले. रॉजर गीयमँ आणि अँड्र्यू शॅली हे दोघे आधी एकत्र आणि पुढं एकमेकांशी चुरशीनं अधश्चेतकातलं संप्रेरक शोधत होते. ते इतकं थोडं असतं, की एकानं लाखो मेंढ्यांच्या आणि दुसऱ्यानं डुकरांच्या मेंदूचे ते बदामाएवढे तुकडे गोळा केले. १९६९ मध्ये टीआरएचची रचना हाती आली. अवघी तीन अमिनो आम्लं. १९७७ चं नोबेल दोघांना मिळालं आणि त्याचा अर्धा वाटा गेला रोझलिन यॅलो यांना. रक्तातलं इतकं सूक्ष्म संप्रेरक मोजायची पद्धत त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर काढली. बर्सन तोवर वारले होते. गावातल्या काउंटरवर हातात पडलेला तो ३८ चा कागद या लोकांपासून माझ्यापर्यंत आला होता, आणि मी तो उलटा वाचला होता.

टी-४ ची गोळी सुरू झाली, आणि तरी आईंची थंडी लगेच जाईना. मी रोज सकाळी विचारायची, आज कसं वाटतंय? त्या शाल सावरत म्हणायच्या, "वाटते तसंच." टी-४ रक्तात अर्धं व्हायलाच आठवडाभर लागतो, सगळं स्थिरावायला सहा ते आठ आठवडे. आम्ही संत्र्याला पाणी सोडलं की फूट दिसायला किती दिवस द्यायचे ते जाणतो. माणसाच्या अंगाला मात्र मी दोन दिवस द्यायला तयार नव्हते.

त्या वाट पाहण्यात अंगाच्या तापमानाचं खूळ लागलं. मेंदू हे कसं धरून ठेवतो? मी मुलीला म्हटलं, आपल्या कूलरसारखं असेल. ती म्हणाली, "आई, कूलरला कुठं कळतं कधी थांबायचं? फ्रिजला कळतं." रात्री मी फ्रिजशेजारी खुर्ची घेऊन बसले. घुर्रर्र सुरू, मग ठक्, मग शांतता. काही वेळानं पुन्हा घुर्रर्र. आत एक ठरलेला अंश, त्याच्या वर गेलं की मोटार सुरू, खाली आलं की बंद. अधश्चेतकाच्या पुढच्या भागात असंच केंद्र आहे, प्रीऑप्टिक नावाचं. मी वहीत त्याचं 'डोळ्याआधीचं' असं भाषांतर केलं होतं. खरं तर डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या पुढचा तो भाग. तिथल्या काही पेशी रक्ताची ऊब स्वतः ओळखतात आणि कातडीकडून येणारी खबरही घेतात. मग हुकूम निघतात: कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद करा, घाम सोडा, किंवा वाहिन्या आवळा, काटा आणा, कुडकुडा. आणि एक हुकूम असा, जो माणूस स्वतःच्या पायांनी पाळतो. सावलीत जा, पाणी मागा, पांघरूण घ्या. ही ओळ वाचली आणि माझा हात थांबला. आईंच्या अंगातली भट्टी मंद झाली होती, मेंदू ते ओळखून होता आणि जे हाताशी होतं ते करवून घेत होता. ती शाल म्हणजे त्यांच्या मेंदूचा शहाणा हुकूम होता. आणि मी त्यांची खाट सरकवून दिली होती.

मृगाचं पाणी यायच्या आधी सालदाराला ऊन लागलं. आळी खणत होता. दुपारी धुऱ्यावर बसलेला दिसला, बोलणं असंबद्ध, अंग तव्यासारखं. मी धावत घरी आले, डब्यातली पॅरासिटामॉल घेऊन परत गेले. तापावर हीच देतात ना! शेजारच्या काकूंनी माझा हात धरला. "गोळी ठेव बाई, पाणी टाक त्याच्या अंगावर!" त्यांनी त्याला निंबाखाली ओढवलं, सदरा काढला, बादलीवर बादली ओतली, सुपानं वारा घातला, कुणाकडून तरी १०८ ला फोन करवला. तो वाचला. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं, ते असं. जंतूंच्या तापात शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होऊन अधश्चेतकातला तो फ्रिजचा खटका वर सरकतो. मेंदूच आता १०२ हवं म्हणतो, म्हणून ताप चढताना थंडी वाजते. पॅरासिटामॉल ते द्रव्य कमी करते आणि खटका खाली येतो. ऊन लागतं तेव्हा खटका जागेवरच असतो, उष्णता बाहेर पडत नाही एवढंच. तिथं गोळीचा उपयोग शून्य, उलट आधीच ताणलेल्या यकृताला त्रास. माझ्याकडे दोन पुस्तकं आणि भरलेली वही होती. काकू चौथी शिकलेल्या. त्या दिवशी त्यांना बरोबर माहीत होतं, मला नव्हतं.

जुलैत कूलर निकामी झाला म्हणून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बटण दाबलं, पंखा फिरला, पाणी चढलं. "कूलर ठीक आहे. हवाच ओली आहे, पाणी उडणार कुठं?" त्याला काहीच विशेष सांगितल्यासारखं वाटलं नाही, मी मात्र पेन शोधत आत गेले. घामाचंही हेच. एक लिटर घाम नुसता निथळून गेला तर उपयोग नाही. तो अंगावरून उडाला, तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मेच्या कोरड्या उन्हात पारा जास्त असून जे सोसतं, ते श्रावणाच्या दमटपणात सोसत नाही, ते यामुळं.

गोटमारीच्या, म्हणजे आमच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, आदल्या आठवड्यात आईंचं रक्त पुन्हा तपासलं. जाम नदीकाठी माणसांची गर्दी व्हायच्या आत काम उरकावं म्हणून घाई केली होती. मला वाटलं आता चार येईल. आलं १९. डॉक्टरांनी औषध वाढवायच्या आधी विचारलं, गोळी कशी देता? मी सांगितलं, सकाळी सहाला, चहाबरोबर, म्हणजे विसर पडत नाही. आणि हाडांची कॅल्शियमची गोळीही तेव्हाच, एका हातानं दोन्ही. ते थोडा वेळ गप्प राहिले. चहा, दूध, कॅल्शियम, लोह ही सगळी त्या गोळीला पोटातच अडवतात. दोन महिने मी स्वतःच्या हातानं औषध देत होते आणि स्वतःच्याच हातानं अडवत होते. आईंना घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे व. तुले कोनं सांगतलं होतं?" कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं.

नवरात्रात मी नऊ दिवस उपवास करते. या वेळी ठरवलं, रोज स्वतःचं तापमान लिहायचं. पहाटे ९७.२, संध्याकाळी ९८.४, असं खालीवर होताना पाहून घाबरले. नंतर कळलं, ते सगळ्यांचंच होतं. पहाटे सर्वात कमी, संध्याकाळी सर्वात जास्त. ९८.६ हा आकडा कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ च्या पुस्तकातून चालत आलेला आहे, आणि आजच्या माणसांची सरासरी त्याहून थोडी खालीच भरते. पाचव्या दिवशी लक्षात आलं की काही सकाळी मी चहा पिऊन लगेच थर्मामीटर तोंडात धरला होता. पाच दिवसांची नोंद वाया गेली.

पण त्या निमित्तानं उपवासाबद्दल जे वाचलं ते सोडवेना. चरबी नुसती साठून राहत नाही, ती मेंदूला सतत खबर देते. ती खबर म्हणजे लेप्टिन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी त्याचं जनुक शोधलं. मी वहीत लिहिलं, 'कणगीतून येणारी चिठ्ठी.' कणगी भरली आहे तोवर चिठ्ठी येत राहते. उपवास सुरू झाला की कणगी तशीच भरलेली असते, पण एकदोन दिवसांत चिठ्ठ्या मात्र झपाट्यानं कमी होतात. अधश्चेतक समजतो, दुष्काळ येतोय. तो टीआरएच आवरता घेतो, टी-३ उतरतं, भट्टी हलकी होते, भूक भडकते. मी मुलीला म्हटलं, हा तर आपला ताण! मृग बहारासाठी उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतो, पानं मलूल होतात, झाड स्वतःला आवरून घेतं. ती म्हणाली, "पण ताणानंतर झाडाला फुलं येतात. बाई फार उपाशी राहिली तर तिची पाळी थांबते." खरं होतं. उपाशी शरीर पहिल्यांदा मूल होण्याचं काम बाजूला ठेवतं. माझा दाखला अर्ध्यावर तुटला, पण ताणाच्या मुळाशी हिशेब असतो हे मला त्यातून कळलं, आणि अजून मी तो दाखला टाकलेला नाही.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट हाती लागली. टी-३ पेशीपेशीत जाऊनच ऊब वाढवतं, असं मी पक्कं धरून बसले होते. २०१० मध्ये स्पेनमधल्या मिगेल लोपेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या फक्त अधश्चेतकात टी-३ दिलं. तेवढ्यानं मेंदूकडून नसांमार्फत हुकूम गेला आणि पाठीतली तपकिरी चरबी तापू लागली. ही चरबी साठवण्यासाठी नसते, जाळून ऊब देण्यासाठी असते. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही, ते हिच्यावर तगतं. मोठ्या माणसांतही ती शिल्लक असते हे २००९ मध्ये स्कॅनवर नक्की झालं. म्हणजे गळ्यातून निघालेलं संप्रेरक वर जाऊन मेंदूलाही सांगतं, भट्टी वाढव. वहीतली माझी साखळी एकाच दिशेनं खाली जाणारी होती. तिला वर जाणारा बाण काढायला जागाच उरली नव्हती. ते पान फाडलं आणि पुन्हा काढलं.

हे सगळं परदेशातच घडतं असंही मी मानलं होतं. अधश्चेतकाच्या बाजूच्या भागाला इजा झाली की उंदीर खाणंच सोडतो, हे १९५१ मध्ये दाखवणाऱ्या दोघांपैकी एक होते बाल कृष्ण आनंद. ते काम अमेरिकेत येल विद्यापीठात झालं, आणि पुढं त्यांनी दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभाग उभारला. आणि आमच्या नागपुरात, पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटरवर, नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार, दादासाहेब कोकरे आणि त्यांचे विद्यार्थी मेंदूतली भूक-तृप्तीची छोटी प्रथिनं वर्षानुवर्षं तपासत आले. सुभेदार पुढं पुण्याच्या आयसरमध्ये गेले. तिथं अर्णब घोष यांच्याबरोबर झेब्रा माशांवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम झालं. 'कार्ट' नावाचं प्रथिन पोट भरल्याची जाणीव देणाऱ्यांपैकी एक. मासे उपाशी राहिले की मेंदूच्या काही भागांत ते घटतं. मी नागपूरला दर महिन्याला संत्र्याच्या व्यवहारासाठी जाते, कळमन्याच्या बाजारात उभी राहते. त्याच शहरात आईंच्या शालीमागचं शास्त्र शिकवलं जात होतं.

डिसेंबरात टीएसएच साडेसहा आलं, मार्चमध्ये ३.१. त्याआधीच आवाज परत आला होता. फेब्रुवारीत एका पहाटे स्वयंपाकघरातून अभंग ऐकू आला, मी पीठ मळत होते, हात तसाच ठेवून ऐकत उभी राहिले. २०२५ च्या नवतप्यात दुपारी आई म्हणाल्या, "कूलर इकडं फिरव व, जीव चालला गर्मीनं." शाल पेटीतच होती.

तुमच्या घरात कुणी भर उन्हाळ्यात पांघरूण मागत असेल, बोलणं-चालणं मंदावलं असेल, आवाज जड झाला असेल, तर वय म्हणून सोडू नका. रक्ताची एक छोटी बाटली आणि एक टीएसएच एवढंच पाहायला लागतं. आकडा वर दिसला तर मीठ बदलू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर द्या. चहा अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियम चार तासांनी.